गोळी रोजची, अडचणी वेगवेगळ्या

या वेळच्या प्रश्नोत्तरांचा विषय आहे ‘प्रेप’. ज्याला एचआयव्हीची लागण झालेली नाही, पण होण्याचा धोका आहे, त्याने लागण टाळण्यासाठी घ्यायचं हे औषध. रोज एक गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम अशी दोन औषधं एकत्र असतात. अमेरिकेत या वापराला २०१२ साली मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केली आणि आपल्याकडे ‘नाको’ची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये आली. पत्रं बहुतेक विशी-पंचविशीतल्या वाचकांची किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्यांची आहेत. कोणाचीही ओळख पटेल असा मजकूर ठेवलेला नाही.

प्रश्न : मी एका संस्थेत आउटरीच वर्कर आहे. आमच्याकडे येणारी पोरं एकोणीस ते चोवीस वयाची. पहिला महिना उत्साहात गोळ्या घेतात, दुसऱ्या महिन्यात फोन उचलत नाहीत, तिसऱ्या महिन्यात डबी अर्धी भरलेली सापडते. विचारलं की ‘घेतोय की दादा’. किती वेळा समजावायचं? (कोल्हापूर)

समजावणं कमी करा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गोळी कशासाठी हे त्या पोरांना पहिल्या दिवशीच कळलेलं असतं. अडतं ते दुसरीकडे.

आधी ‘घेतोय की’बद्दल. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या तरुण स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची मोठी चाचणी झाली होती. विचारल्यावर साधारण नव्वद टक्के गोळ्या घेतल्याचं उत्तर मिळत होतं. रक्त तपासलं तर जेमतेम तीस टक्के नमुन्यांत औषध होतं. त्या बायका लबाड नव्हत्या. समोरचा माणूस नाराज होऊ नये म्हणून आपण सगळेच असं बोलतो. म्हणून ‘रोज घेतोस ना?’ हा प्रश्नच टाका. त्याऐवजी विचारा, ‘गोळ्या सगळ्यांच्याच राहतात. गेल्या सात दिवसांत तुझ्या किती राहिल्या?’ आकडा आला की ओरडू नका. लगेच पुढचा प्रश्न : ‘राहिली त्या दिवशी कुठे होतास?’ या दुसऱ्या प्रश्नात खरं कारण सापडतं.

कारणं फार नसतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मळमळ, डोकं दुखणं, पोट बिघडणं. हे थोड्या जणांना होतं आणि बहुतेकांचं पहिल्या महिन्यात थांबतं, पण कोणी सांगितलेलं नसलं तर मुलगा स्वतःच ठरवतो की औषध आपल्याला सोसत नाही. त्याला रात्री जेवून मग गोळी घ्यायला सांगा. जेवणाची सक्ती नाही, पण मळमळ कमी होते. दुसरं कारण शिफ्ट. एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्या मुलाला ‘रात्री नऊला घे’ सांगून काय उपयोग? त्याची गोळी घड्याळाला न बांधता रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा : उठल्यावर दात घासणं, फोन चार्जिंगला लावणं. तिसरं कारण गावी जाणं. गणपतीला चार दिवस म्हणून गेलेला मुलगा दहा दिवस राहतो आणि डबी खोलीवरच राहते. सणाच्या आधी एक फोन करा, ‘गोळ्या बॅगेत टाकल्यास का?’ एवढाच.

मोबाइलच्या अलार्मबद्दल एक सावधगिरी. तो लावून देताना त्याला नाव काय दिलंय ते बघा. पडद्यावर ‘प्रेप’ असं झळकलं आणि फोन बहिणीच्या हातात असला, तर दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद होते. ‘पाणी पी’ लिहा. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपाचंही तसंच, औषधाचं, संस्थेचं, आजाराचं नाव त्यात नको. संस्थेच्या नंबरला प्रोफाइल फोटो म्हणून लाल रिबीन लावणाऱ्यांनी याचा विचार करावा.

डबीत साधारणपणे तीस गोळ्या आणि ओलावा शोषणारी पुडी असते. ती पुडी फेकू नका. पावसाळ्यात सगळ्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत काढून ठेवल्या तर त्या दमट होतात. आठवड्यापुरत्या सात गोळ्या वारांच्या डबीत काढा, बाकीच्या मूळ डबीत घट्ट झाकण लावून ठेवा. एक-दोन गोळ्या पाकिटात किंवा कामाच्या बॅगेत असू द्या. नवी डबी सात गोळ्या शिल्लक असतानाच मिळाली पाहिजे. संपल्यावर येतो म्हणणारा मुलगा आठ-दहा दिवसांनीच उगवतो.

एखादी गोळी राहिली तर? नेहमीच्या वेळेपासून बारा तास उलटले नसतील तर आठवताच घ्यायची. त्याहून उशीर झाला असेल तर सोडून द्यायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. राहिलेलीची भरपाई म्हणून दोन एकदम नाहीत. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर दुसरी घ्यावी, त्यानंतर झाली तर गरज नाही. पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांमध्ये आठवड्याला चार किंवा जास्त गोळ्यांइतकं औषध ज्यांच्या रक्तात होतं, त्यांच्यात ‘आयप्रेक्स’ या प्रेपच्या चाचणीच्या पुढच्या टप्प्यात एकालाही लागण झाली नाही. हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे एक गोळी चुकली म्हणून घाबरलेल्याला धीर देता येईल. ‘चार चालतात’ असं मात्र सांगत सुटू नका. चार ऐकणारा तीन घेतो.

भेटींचं वेळापत्रक पुन्हा बघा. अमेरिकेत अठरा ते बावीस वयाच्या मुलांच्या एका अभ्यासात पहिले तीन महिने दर महिन्याला भेट होती, तोवर निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात पुरेसं औषध सापडत होतं. भेटी तीन महिन्यांवर गेल्या आणि पातळी घसरत गेली. तुम्ही वर्णन केलेला तिसरा महिना तो हाच. सुरुवातीला तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी फोन, मग सहा महिने तरी दर महिन्याला भेट, असं आम्ही सुचवू. भेट म्हणजे केंद्रावर बोलावणं नव्हे. चहाच्या गाड्यावरची पाच मिनिटं पुरतात.

आणि जो थांबला, त्याला ‘ड्रॉपआउट’ लिहून फाइल बंद करू नका. जोडीदार गावाला गेला, सहा महिने संबंधच नाहीत, तर गोळी नको असणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. थांबायचं कसं आणि परत सुरू करायचं कसं हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर तो लाजून तोंड चुकवणार नाही.

प्रश्न : वय २२, पुण्यात नोकरी. माझे पुरुषांशी संबंध महिन्यातून एक-दोनदा येतात, तेही शनिवार-रविवारी. त्यासाठी रोज गोळी का घ्यायची?

तुमच्यासाठी दुसरी पद्धत आहे. ती २-१-१ या नावाने ओळखली जाते. फ्रान्स आणि कॅनडातल्या ‘इपरगे’ चाचणीत तिने लागणीचं प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी केलं होतं. हिशोब असा : संबंधाआधी चोवीस ते दोन तासांच्या दरम्यान दोन गोळ्या एकदम. पहिल्या दोन गोळ्यांनंतर चोवीस तासांनी एक, त्यानंतर चोवीस तासांनी आणखी एक.

समजा शनिवारी रात्री दहाला भेट आहे. शनिवारी संध्याकाळी सहाला दोन गोळ्या घ्या, रविवारी सहाला एक, सोमवारी सहाला एक. रविवारी रात्री पुन्हा संबंध आला तर सोमवारी थांबायचं नाही. शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस रोज एक, म्हणजे सोमवारी आणि मंगळवारी.

चूक नेमकी दोन ठिकाणी होते. पहिल्या दोन गोळ्या दारात उभं राहून घेतल्या जातात. दोन तासांचं अंतर राहिलं नाही तर औषध पेशींत पुरेसं पोचलेलं नसतं. आणि सोमवारची गोळी राहते, कारण सोमवारी माणूस ऑफिसात असतो आणि शनिवार विसरलेला असतो. अ‍ॅपवरून तासाभरात ठरणाऱ्या भेटी हा तुमचा रिवाज असेल, किंवा आठवड्यात दोनदाहून जास्त संबंध येत असतील, तर रोजचीच गोळी सोपी.

ही पद्धत सगळ्यांसाठी नाही. स्त्रियांनी, इस्ट्रोजेन घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांनी, सुईने नशा करणाऱ्यांनी आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांनी ती वापरू नये. हिपॅटायटिसची तपासणी म्हणूनच आधी.

प्रश्न : मुलगा वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगला. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या बॅगेत गोळ्यांची डबी सापडली. नाव इंटरनेटवर टाकलं तर ‘एचआयव्हीचे औषध’ असं आलं. चार दिवस झोप नाही. त्याच्या वडिलांना अजून सांगितलेलं नाही. (नाशिक)

ताई, डबीवर टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन ही दोनच नावं असतील, तर बहुधा ही आजाराची गोळी नाही. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला साधारणपणे तीन औषधं एकत्र द्यावी लागतात. आपल्या एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रावर, नेहमी मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर असतं. दोन औषधांची गोळी निरोगी माणसाला प्रतिबंधासाठी देतात, आणि रीतसर दिली असेल तर आधी एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आलेली असते. इंटरनेट हा फरक सांगत नाही, कारण टेनोफोव्हिर दोन्हीकडे आहे.

काही गोष्टी करू नका. डबी लपवू नका, फेकू नका. मध्येच गोळ्या तुटल्या तर ज्या धोक्यासाठी तो घेतोय तो तसाच राहतो आणि संरक्षण जातं. डबीचा फोटो ओळखीच्या डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला पाठवू नका. तो सज्ञान आहे, त्याच्या संमतीशिवाय ही माहिती पसरवणं बरोबर नाही, आणि गावात एकदा निघालेली गोष्ट परत घेता येत नाही.

त्याच्याशी बोलायचं की नाही, हा निर्णय तुमचा. बोलणार असाल तर तो एकटा असताना, आणि ‘तुला काय झालंय?’ किंवा ‘तू कोणासोबत असतोस?’ यांनी सुरुवात नको. ‘डबी दिसली. वाचलं, आधी घाबरले, मग कळलं की ही काळजी घेण्याची गोळी आहे. काही लागलं तर सांग’ एवढं पुरे. तो कदाचित त्या दिवशी काहीच बोलणार नाही. राहू द्या. स्वतःच्या शंकांसाठी १०९७ हा नाकोचा मोफत क्रमांक आहे. नाव न सांगता मराठीत बोलता येतं.

वीस वर्षांच्या मुलाने स्वतः जाऊन तपासणी केली, गोळी मिळवली आणि सुट्टीतही सोबत आणली. या वयात हे फार थोडी मुलं करतात.

प्रश्न : काल रात्री निरोध फाटला. मित्राकडे प्रेपच्या गोळ्या आहेत. त्या घेऊ का? (नवी मुंबई)

नाही. संबंध होऊन गेल्यावर जे लागतं ते ‘पेप’ : तीन औषधं, २८ दिवस. पहिली गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हे उत्तर छापून येईपर्यंत तुमची मुदत केव्हाच संपलेली असेल, म्हणून तुम्हाला पत्राने वेगळं कळवलं आहे. इतरांनी लक्षात ठेवावं : सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो, तिथे जाऊन ‘पेप हवंय’ असं स्पष्ट सांगा. जोडीदाराचा अहवाल कळेपर्यंत वाट पाहू नका. अठ्ठावीस दिवस पूर्ण झाल्यावर चाचणी निगेटिव्ह आली आणि धोका पुढेही राहणार असेल, तर मध्ये एकही दिवस न सोडता त्याच वेळी प्रेप सुरू करता येतं.

प्रश्न : मी रोज जिमला जातो. प्रेपसाठी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन जास्त निघालं आणि डॉक्टरांनी ‘किडनीला झेपणार नाही’ म्हणून नकार दिला. मला कसलाही त्रास नाही. बाकी तपासण्या कोणत्या लागतात तेही सांगा. (नागपूर)

जिमचा डबा बघा. त्यात क्रिएटिन (स्नायूंसाठी घेतात ती पूड) असेल तर उत्तर तिथेच असण्याची शक्यता मोठी. क्रिएटिन शरीरात मोडून क्रिएटिनिनच, म्हणजे मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ, तयार होतं, त्यामुळे मूत्रपिंड धडधाकट असूनही आकडा वर जातो. भरपूर स्नायू, आदल्या दिवशीचा जबर व्यायाम आणि मटणाचं जेवण यांनीही तो थोडा चढतो. क्रिएटिन दोन आठवडे बंद ठेवा, तपासणीच्या आधी दोन दिवस जड व्यायाम टाळा, पाणी नीट प्या आणि पुन्हा तपासा. डॉक्टर आकड्यावरून, वय आणि वजन धरून, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढतात. ती मिनिटाला ६० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर ही गोळी चालते. दुसऱ्यांदाही आकडा वरच आला तर मात्र डॉक्टरांचं ऐका. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज घेण्याची सवय असेल तर तीही सांगा. टेनोफोव्हिरसोबत ती मूत्रपिंडाला खरोखर त्रासदायक आहे.

तिशीच्या आतल्या, मूत्रपिंडाचा त्रास किंवा मधुमेह-रक्तदाब नसलेल्या व्यक्तीला ही तपासणी सक्तीची नाही, असं जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून म्हणते. सक्तीची आहे ती एचआयव्हीची चाचणी : सुरू करण्याआधी, एक महिन्याने आणि मग दर तीन महिन्यांनी. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, ती मोफत होते. नुकती लागण झालेली असेल तर चाचणी काही आठवडे निगेटिव्ह येऊ शकते. त्या काळात प्रेपची दोनच औषधं विषाणूला पुरी पडत नाहीत, उलट विषाणू त्यांना दाद देईनासा होण्याची भीती असते. म्हणून गेल्या महिन्याभरात ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही झालं असेल तर सांगा. पावसाळ्यात हे सगळं डेंग्यूवर ढकललं जातं; कधी तो डेंग्यूच असतो, पण चाचणी पुन्हा करेपर्यंत प्रेप थांबवलेलं बरं.

हिपॅटायटिस बीची तपासणीही लागते. ही गोळी त्या विषाणूवरही चालते, त्यामुळे तो अंगात असताना गोळी अचानक थांबवली तर यकृताचा दाह उसळू शकतो. तपासणी निगेटिव्ह असेल तर लस घ्या : तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. आज विशी-पंचविशीत असलेल्या अनेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. सोबत गुप्तरोगांची तपासणी, निदान सिफिलिसची तरी. प्रेप एचआयव्ही अडवतं. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया अडवत नाही आणि गर्भही राहू देतं. निरोधाची गरज संपत नाही.

प्रश्न : माझं वय २३, लग्नाला वर्ष झालं. नवऱ्याला एचआयव्ही आहे, त्यांचं औषध चार महिन्यांपूर्वी सुरू झालं. मी निगेटिव्ह आहे. घरचे मूल कधी म्हणून मागे लागलेत. त्यांना यातलं काही माहीत नाही. (सोलापूर)

तुम्हाला दोन आधार आहेत, एक तुमच्या नवऱ्याचा आणि एक तुमचा. त्यांनी एआरटी रोज घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका, म्हणजे मिलिलिटरला २०० प्रतींच्या खाली राहिला, तर शरीरसंबंधातून तुम्हाला लागण होत नाही. हे आता पक्कं सिद्ध झालं आहे. ते कळतं व्हायरल लोडच्या तपासणीतून. एआरटी सेंटरवर ती मोफत असते आणि औषध सुरू झाल्यावर पहिल्यांदा सहाव्या महिन्यात होते. म्हणजे आणखी दोन महिने. तोवर आणि तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत तुमचा आधार प्रेप आणि निरोध.

स्त्रियांसाठी गोळी रोजचीच. योनीच्या आवरणात हे औषध गुदाशयापेक्षा कमी साठतं, त्यामुळे गोळ्या चुकल्या तर पुरुषांइतकी सवलत तुम्हाला मिळत नाही. रोज घ्यायला लागल्यापासून सात दिवसांनी संरक्षण मिळतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काही देश स्त्रियांसाठी एकवीस दिवस धरतात. आम्ही तुम्हाला पहिले तीन आठवडे निरोध वापरायला सांगू. दिवस राहिले तरी आणि बाळ अंगावर पीत असतानाही ही गोळी चालते.

व्हायरल लोड दबलेला निघाला की सेंटरच्या डॉक्टरांशी बोलून मुलाचा प्रयत्न सुरू करा. तोवर घरच्यांना ‘डॉक्टरांनी सहा महिने थांबायला सांगितलंय’ हे उत्तर द्यायला हरकत नाही. ते खोटंही नाही. नवऱ्याच्या गोळ्या आणि तुमच्या गोळ्या वेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवा. अदलाबदल झाल्याची उदाहरणं आहेत.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे, हॉर्मोन्स घेते. आमच्या घरात सगळ्या म्हणतात की प्रेप घेतलं की हॉर्मोनचा असर जातो. शेजारीण विचारते, टीबीच्या औषधासोबत प्रेप चालतं का? (ठाणे)

जात नाही. प्रेपमुळे इस्ट्रोजेनची पातळी कमी होत नाही. उलट बाजूने थोडा परिणाम दिसला आहे : इस्ट्रोजेनमुळे टेनोफोव्हिरची पातळी किंचित खाली येते, पण रोज गोळी घेणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. म्हणूनच २-१-१ तुमच्यासाठी नाही, रोज एकच. गुरू किंवा घरातली एखादी थोरली जवळच्या समुपदेशकाशी एकदा बोलली आणि तिने घरात सांगितलं, तर ते दहा माहितीपत्रकांपेक्षा लवकर पटेल. टीबीचं औषध चालू असेल तर तेही या गोळीसोबत चालतं, असं शेजारणीला सांगा. तिचाही प्रश्न तुम्हीच विचारला आहे.

प्रश्न : मी आश्रमशाळेत शिक्षक आहे. सोळा वर्षांच्या एका मुलाबद्दल काळजी वाटते. त्याला ही गोळी देता येईल का?

वैद्यकीय उत्तर सोपं आहे : वजन ३५ किलो किंवा जास्त असेल तर ही गोळी देता येते, किशोरांसाठी अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. हाडांची घनता या वयात किंचित कमी होते आणि औषध थांबल्यावर भरून येते.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न दुसरा आहे. अठराखालच्या मुलाशी झालेला कोणताही लैंगिक संबंध पॉक्सो कायद्यात गुन्हा आहे, आणि तो कळल्यावर पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. सोळाव्या वर्षी संमती दिली, हे कायदा मानत नाही. एचआयव्ही चाचणीसाठीही अठराखाली पालकांची संमती लागते. त्यामुळे गोळीपासून सुरुवात करू नका. मूल कोणाच्या धाकाखाली आहे का, वसतिगृहात किंवा घरी त्याला कोणी त्रास देतंय का, हे आधी. १०९८ ही चाइल्डलाइन आहे. अत्याचार गेल्या तीन दिवसांतला असेल तर त्याला घेऊन थेट रुग्णालयात जा. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला मोफत आणि ताबडतोब उपचार द्यावे लागतात. तिथे पेप मागा. मुलाकडून सगळी हकिगत पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ते काम प्रशिक्षित माणसाचं.

प्रश्न : गोळ्यांऐवजी इंजेक्शन आलंय म्हणतात. थांबू का? (पिंपरी)

थांबू नका, गोळी आज मिळतेय. लेनाकॅपाव्हिर हे सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन आहे. सुरुवातीला दोन दिवस सोबत गोळ्याही असतात. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात सोळा ते पंचवीस वयाच्या २,१३४ तरुणींना ते दिलं, त्यांतल्या एकीलाही लागण झाली नाही. रोजची गोळी ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी याहून चांगली बातमी नाही. अमेरिकेत जून २०२५ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या ते २०२७ पासून माणशी वर्षाला सुमारे ४० डॉलरला गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना पुरवणार असल्याचं जाहीर झालं आहे.

प्रश्न : वय २५. दोन वर्षं प्रेप घेतोय. घरच्यांनी लग्न ठरवलंय, मुलीला यातलं काही माहीत नाही. गोळी कधी बंद करू? (सातारा)

लग्नाच्या तारखेवरून ठरवू नका. जुने संबंध थांबणार आहेत का, या प्रश्नावरून ठरवा. थांबणार नसतील तर गोळी बंद केल्याने धोका तुम्हा दोघांचा होतो, आणि त्यातला तिचा वाटा तिच्या माहितीशिवायचा. लग्न करायचं की नाही, तिला काय सांगायचं, हे बोलायला समुपदेशक आहे. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम झाला म्हणून उशीर झाला असं समजू नका.

संबंध खरोखर थांबले असतील तर : पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषाने शेवटच्या संबंधानंतर दोन दिवस गोळी घ्यावी, बाकी सर्वांनी सात दिवस. त्या वेळी एक एचआयव्ही चाचणी, तीन महिन्यांनी दुसरी. सिफिलिसची तपासणी लग्नाआधी. हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही, आणि होणाऱ्या बायकोला लस मिळायला हवी. उरलेल्या गोळ्या मित्राला देऊ नका. त्याची चाचणी झालेली नसते. डबी संस्थेत किंवा दवाखान्यात परत करा. पुन्हा गरज पडली तर नव्याने चाचणी करून सुरू करता येतं, मध्ये कितीही काळ गेला तरी.